तार टन्न वाजली पाहिजे

खरड छाटणी उरकली की आमच्याकडं तारा ताणायचं काम निघतं. तासगावच्या बाजूला दीड एकर द्राक्षं, वाय अँगलचा मांडव, आणि वर्षभर घडांचं ओझं झेलून झेलून तारा अशा लोंबकळतात की खालनं जाताना डोक्याला लागतात. यंदा कॉलेजला सुट्टी होती म्हणून मीपण गेले. अण्णा ओळीच्या टोकाला, मी मधे कुठंतरी. दोनशे फुटांची ओळ, पलीकडच्या टोकाला जमिनीत पुरलेल्या दगडाला तार पीळ मारून बांधलेली, तो पीळ धरलाय का सुटलाय हे मधनं काय दिसत नाही. मी बघायला निघाले तर अण्णा ओरडले, "आगं कुठं निघालीस उन्हातनं? तार वाजव की. टन्न वाजली तर दोन्हीकडनं पक्की हाय. भद्द वाजली की समजायचं कुठंतरी सुटलीया."

मी तार वाजवली आणि हसू नका, पण मला तिथं एप्रिलच्या उन्हात बेकरीतलं यीस्ट आठवलं.

त्याचं असं झालं. मी सांगलीत अकरावी-बारावीची बायोलॉजीची प्रॅक्टिकलं घेते. डिसेंबरात यीस्टचं प्रॅक्टिकल होतं, बेकरीतनं आणलेलं यीस्ट कोमट साखरपाण्यात सोडायचं, अर्ध्या तासानं एक थेंब काचेवर घ्यायचा, मेथिलीन ब्लू टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली कळ्या फुटलेल्या पेशी बघायच्या. पहिल्या बॅचला मी पाणी जरा जास्तच गरम घेतलं आणि यीस्ट शिजलं. मेलेली पेशी निळी पडते, जिवंत पेशी तो रंग घालवून टाकते, त्यामुळं पोरींना सगळं निळंच निळं दिसलं आणि त्यांनी वहीत तसंच काढलं बिचाऱ्यांनी. दुसऱ्या बॅचला जमलं. छान गोल पेशी, प्रत्येकीच्या अंगाला छोटी-मोठी कळी, तीच वाढून वेगळी होते आणि नवी पेशी बनते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, मॅडम, कांद्याच्या मुळात बघितलं तसंच यात पण होतं का, म्हणजे गुणसूत्रं मधे येऊन उभी राहतात, केंद्रकाचं आवरण विरघळतं वगैरे? मी म्हटलं, हो हो, तसंच.

तसंच नसतं. आणि मला हे माहीत असायला पाहिजे होतं, एम.एस्सी.ला आख्खं सेमिस्टर यावर घालवलंय. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या आणि वाचत बसले ते रात्रीचे दोन वाजले. तेव्हापासनं हे लिहायचं डोक्यात होतं, अण्णांच्या तारेनं शेवटी मुहूर्त लागला.

तर आधी माप बघू. यीस्टची पेशी साधारण ५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमधे दोनशे पेशी ओळीनं बसतील. तिच्यात १६ गुणसूत्रं (हे लॅबमधल्या एकपट, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या यीस्टचं सांगतेय, बेकरीतल्या यीस्टमधे संच जास्त असतात). त्या १६ गुणसूत्रांचा डीएनए सरळ करून एकापुढं एक ठेवला तर लांबी भरते ४ मिलिमीटर. पेशीच्या आठशे पट. तो सगळा गुंडाळून दोनेक मायक्रॉनच्या केंद्रकात बसवलेला, आणि पेशी दुप्पट व्हायच्या आधी त्याची कॉपी काढायची, मग प्रत्येक जोडीतला एक आईकडं आणि एक कळीकडं पाठवायचा, एकसुद्धा इकडचा तिकडं न होता. खायला भरपूर असेल आणि ३० डिग्री तापमान असेल तर हे सगळं दीड तासात होतं. साध्या यीस्टमधे एखादं गुणसूत्र चुकायचं प्रमाण लाखभर विभाजनांत एक, असं धरतात. आमच्या सोसायटीच्या हिशोबाचंसुद्धा एवढं चोख नसेल.

आता ती पोरगी म्हणाली त्या आवरणाचं. आपल्या पेशीत आणि कांद्याच्या पेशीत विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण मोडतं, कारण बाहेरच्या नळ्यांना (प्रथिनांच्या बारीक नळ्या, मायक्रोट्यूब्यूल म्हणतात त्यांना) आत येऊन गुणसूत्रं पकडायची असतात. यीस्ट आवरण मोडतच नाही. नळ्या ज्याच्यातनं उगवतात तो खुंटाच त्या आवरणात रोवलेला असतो, शर्टाच्या कापडात टिचबटण दाबून बसवतात तसा. आतल्या बाजूनं नळ्या निघतात त्या गुणसूत्रांकडं, बाहेरच्या बाजूनं निघतात त्या पेशीच्या कडेकडं. विभाजनाच्या आधी या खुंट्याच्या शेजारी एक जोडखुंटा तयार होतो, मग दोघं आवरणातच सरकत सरकत समोरासमोर जातात आणि आत दोन्हीकडनं नळ्यांचा सांगाडा उभा राहतो. यालाच स्पिंडल म्हणायचं, पुस्तकात तर्कू लिहिलंय पण तो शब्द ऐकून एकाही पोराच्या डोळ्यापुढं काय उभं राहत नाही, चरखाच कुणी बघितलेला नाही. म्हणजे दार न उघडता घराच्या आतल्या आत वाटणी. आणि शेवटी आख्खं केंद्रकच लांबट होत होत मधे बारीक पडतं आणि तुटून दोन होतं.

मला सगळ्यात आवडते ती पकड. माणसाच्या प्रत्येक गुणसूत्राला पंधरा-वीस नळ्या येऊन धरतात, एखादी निसटली तरी बाकीच्या असतातच. यीस्टच्या गुणसूत्राला एक नळी. एकच. गुणसूत्रावर ती धरायची जागा, सेंट्रोमिअर, डीएनएच्या फक्त सव्वाशे अक्षरांची, तर आपली लाखो अक्षरांची. लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी १९८० साली यीस्टची ही जागा वेगळी काढून दाखवली तेव्हा कुठल्याही सजीवाचा सेंट्रोमिअर असा पहिल्यांदा हातात आला. त्या छोट्या तुकड्यावर डझनावारी प्रकारच्या प्रथिनांची एक गुंतागुंतीची मूठ बसते, कायनेटोकोअर, आणि ती मूठ नळीचं टोक धरते. १६ जोड्या म्हणजे ३२ मुठी, ३२ नळ्या, आणि मधल्या आधाराच्या काही, आख्ख्या स्पिंडलमधे चाळीसेक नळ्या. मोजता येतात इतक्या कमी. म्हणूनच तर लोकं यीस्टच्या मागं लागली.

पण गंमत पुढं आहे. ही नळी म्हणजे काय लोखंडी तार नव्हे, ती टोकाकडनं वाढत असते नाहीतर झिजत असते, सारखी. आणि मूठ नेमकी त्या झिजणाऱ्या टोकालाच धरून असते! शिडीवर चढलेल्या माणसाच्या हाताखालची पायरीच कुणीतरी काढून घेतंय आणि तरी तो पडत नाही, उलट त्यामुळंच खाली सरकतोय, असं काहीतरी. हे कसं जमतं? नळी १३ पट्ट्यांची बनलेली असते, आणि ती उकलायला लागली की त्या पट्ट्या बाहेर वळतात. कांद्याच्या पातीला टोकाला चिरा देऊन गार पाण्यात टाकलं की पाती कशा बाहेर वळतात, तसं. यीस्टमधे डॅम वन नावाचा प्रथिनांचा समूह आहे, तो नळीभोवती कडं करून बसतो, २००५ साली हे कडं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं. आता पाती बाहेर वळत खाली यायला लागल्या की कडं पुढं ढकललं जाणारच, आणि कड्याला गुणसूत्र बांधलेलं. म्हणजे नळी मोडते त्या मोडण्याच्या जोरावरच गुणसूत्र ओढलं जातं. इंजिन वेगळं नाहीच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हॉस्टेलच्या मेसमधे ताटातली पात घेऊन मैत्रिणींना दाखवत बसले होते, त्या अजून चिडवतात.

आता तारेवर येते. कॉपी काढून झाल्यावर दोन्ही जुळी गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली असतात, कोहेसिन नावाची कडी दोघांना एकत्र धरून ठेवते. बरोबर वाटणी व्हायची तर एकीची मूठ या खुंट्याकडनं आलेल्या नळीला आणि दुसरीची त्या खुंट्याकडनं आलेल्या नळीला धरायला पाहिजे. पण नळ्या आंधळ्या. सुरुवातीला तर जुना खुंटा आधीपासनं तिथंच असतो, नवा नुकता तयार झालेला, त्यामुळं दोघीही जुन्यालाच जाऊन धरतात असं बऱ्याचदा होतं. तशीच वाटणी झाली तर एका पेशीला दोन्ही, दुसरीला भोपळा. मग पेशीला कळायचं कसं, की दोन्ही टोकं बरोबर दोन खुंट्यांना बांधलीत का एकाच? तिला काय डोळे नाहीत. अण्णांनाही दोनशे फुटांवरचा दगड दिसत नव्हता.

ताण बघते ती. दोन्ही बाजूंनी ओढ बसली की मधली कडी ताणली जाते. एकाच बाजूनं धरलं असेल तर ढिल्लं. आणि ढिल्लं असेल तिथं इप्ल वन नावाचं एक एन्झाइम (आपल्यात त्याच्या भावाला ऑरोरा बी म्हणतात) मुठीच्या प्रथिनांवर फॉस्फेटचे ठिपके लावत सुटतं, तेवढ्यानं पकड सुटते आणि मूठ मोकळी होते, परत धर. परत चुकलं, परत सोड. बरोबर बसेपर्यंत हेच. ताण बसला की मूठ त्या एन्झाइमच्या तावडीतनं लांब ओढली जाते असं मानतात, आणि वर स्वतः पकडसुद्धा घट्ट होते. हे दुसरं मला आधी खरं वाटायचं नाही, कारण ओढलं की सुटतं हा आपला अनुभव. पण २०१० साली सिॲटलमधे शास्त्रज्ञांनी यीस्टमधनं आख्खी मूठ शुद्ध स्वरूपात बाहेर काढली, पेशी नाही काही नाही, ती एका मण्याला चिकटवली, लेझरनं मणी धरून नळीच्या टोकावरनं ओढून बघितली, आणि एका मर्यादेपर्यंत जास्त ओढलं की ती जास्त वेळ टिकली! आपल्या निरगाठीसारखं, ओढाल तेवढी आवळते.

याच्या आधीचा एक प्रयोग तर मला गोष्टीसारखा वाटतो. यीस्टमधला नाही तो, प्रेइंग मँटिस म्हणजे ते पुढचे पाय जोडून बसतं ना हिरवं, त्या किड्याच्या पेशीतला. ब्रूस निकलास म्हणून एक माणूस आयुष्यभर जिवंत पेशीत काचेची बारीक सुई घालून गुणसूत्रं हलवत बसला होता. मँटिसच्या या पेशीत कधी कधी एक गुणसूत्र एकाच बाजूला बांधलेलं राहतं आणि त्याच्यामुळं आख्खी पेशी तासनतास अडून बसते. १९९५ साली ली आणि निकलास यांनी काय केलं, सुईनं त्या गुणसूत्राला नुसतं ओढून धरलं. बांधलं नाही, दुरुस्त काही केलं नाही, फक्त ताण दिला. पेशीला वाटलं झालं सगळं बरोबर, आणि ती पुढं गेली. मधनंच कुणीतरी तार हातानं ओढून धरावी आणि अण्णांनी टन्न ऐकून म्हणावं, चला, पक्की हाय.

यीस्टमधे हे ताणणं डोळ्यांनी बघायला मिळालं नव्वदीच्या दशकाच्या शेवटी. साध्या मायक्रोस्कोपनं यीस्टची गुणसूत्रं दिसतच नाहीत, आमच्या कॉलेजात तर नाहीच नाही. मग सेंट्रोमिअरजवळ हिरवं चमकणारं प्रथिन बसवायचं, म्हणजे प्रत्येक जुळीचा एक ठिपका दिसतो. लोकांना वाटलं होतं दोन ठिपके शेवटपर्यंत चिकटून राहतील आणि मग एकदम सुटतील. तर ते आधीच मधे मधे लांब जातात आणि परत जवळ येतात, लांब, जवळ, रबर ताणून सोडल्यासारखे. अजून तोडायचा हुकूम आलेला नाही, कडी आहे तिथंच आहे, आणि तार तेवढी वाजतेय.

हुकूम कोण देतं तेही सांगते. आणि इथं आमच्या द्राक्षबागेतलं औषध येतं, जे मला एम.एस्सी.ला असताना कळलंच नव्हतं, म्हणजे कळलं होतं पण दोन वेगळ्या कप्प्यांत होतं. १९९१ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी यीस्टला बेनोमिल नावाचं बुरशीनाशक घातलं. बेनोमिल नळ्या मोडतं. साधं यीस्ट असेल तर ते मोठी कळी घेऊन थांबून राहतं, नळ्या नाहीत तर वाटणी कशी करायची, थांबा. पण काही बिघडलेली यीस्टं थांबत नाहीत, नळ्या नसतानाही तसंच पुढं रेटतात आणि मरतात. त्यांच्यात ज्या जीन बिघडल्या होत्या त्यांना एका गटानं मॅड नाव दिलं आणि दुसऱ्यानं बब. मॅड म्हणजे काय वेडी नव्हे, विभाजन थांबवता न येणारी असा त्या लघुरूपाचा अर्थ, पण नाव बसलंय फक्कड. ही मॅड, बब प्रथिनं म्हणजे राखणदार. एक जरी मूठ मोकळी राहिली तरी ती तिथनं थांबा थांबा असा निरोप सोडत राहतात. सगळ्या मुठी धरल्या की निरोप बंद. मग सेक्युरिन नावाचं कुलूप नष्ट केलं जातं, त्याच्याखाली अडकलेली सेपरेज ही कात्री सुटते आणि कोहेसिनच्या कड्या तोडते. सगळ्या, जवळजवळ एकदमच. यीस्टवर सापडलेले हे राखणदार आपल्या पेशीतही आहेत.

आणि बेनोमिल पाण्यात पडलं की त्याचं होतं कार्बेन्डाझिम. म्हणजे बाविस्टीन! अण्णांच्या औषधाच्या खोलीत त्याचे रिकामे पुडे पडलेले असतात, भुरीसाठी, करप्यासाठी. ज्या औषधानं हे सगळं शोधून काढलं ते मी लहानपणापासनं वासानं ओळखते. एवढंच नाही, शाळेत पोरांना जंताची गोळी देतात ती अल्बेंडाझोल, तीही याच घराण्यातली, जंताच्या पेशीतल्या नळ्या मोडते. आणि अंगणातल्या सदाफुलीतनं निघणारं विनक्रिस्टिन, जे ब्लड कॅन्सरला देतात, तेही नळ्यांवरच जाऊन बसतं. घराण्यानं वेगळं, पण धंदा तोच.

कड्या तुटल्यावर पुढचं काम त्यामानानं सरळ आहे. गुणसूत्रं आपापल्या खुंट्याकडं जातात, मग मधल्या आधाराच्या नळ्या एकमेकींवरनं घसरत दोन्ही खुंटे लांब ढकलतात, दोन मायक्रॉनचा स्पिंडल आठ-दहा मायक्रॉनचा होतो. पेशीपेक्षा लांब! म्हणून तर तो कळीत घुसतो. पण आई आणि कळीमधली मान एक मायक्रॉनभरच रुंद, त्यातनं केंद्रक बरोबर न्यायचं म्हणजे बाहेरच्या नळ्यांना धरून आधीच नेम धरावा लागतो, आणि एक खुंटा कळीत पोचल्याशिवाय पेशी वाटणी संपवतच नाही, तिथं आणखी एक वेगळा राखणदार बसवलाय. यात एक उलटी गोष्ट आहे, कळीत जो जातो तो जुना खुंटा, नवा आईकडं राहतो. आपल्याकडं लेकीला नवं द्यायची पद्धत, यीस्टमधे आई जुनं देते.

लेलंड हार्टवेल यांचं नाव घेतल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही. त्यांनी साठ-सत्तरच्या दशकात काही यंत्रं नसताना फक्त कळीचं माप बघून ठरवलं की बिघडलेलं यीस्ट नेमकं कुठल्या टप्प्यावर अडलंय. कळी नाही, म्हणजे सुरुवातच नाही. कळी मोठी पण केंद्रक एकच, म्हणजे वाटणी अडली. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं, बरोबर पॉल नर्स, जे दुसऱ्या जातीच्या, तीनच गुणसूत्रांच्या यीस्टवर काम करायचे, आणि टिम हंट. म्हणजे माझ्या प्रॅक्टिकलला पोरी जे चित्र काढतात, छोटी कळी, मोठी कळी, त्याच चित्रावर हे सगळं उभं राहिलं. आता जूनमधे त्या पोरीला गाठून सांगणार आहे की तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं. बारावीत गेली असेल, बघू ऐकते का.

हे सगळं मी अण्णांना मांडवाखाली उभं राहून सांगितलं. म्हणजे यातलं निम्मं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी बाविस्टीन बुरशीच्या मांडवाच्या तारा तोडतंय म्हन की." म्हटलं, हो, अगदी तेच. "मग आता का चालत न्हाई? धा वरसामागं एका फवाऱ्यात भुरी जायची." म्हटलं, नळी ज्या प्रथिनाची बनते त्यातली एकच वीट बदलली, १९८ नंबरची नाहीतर २०० नंबरची, की औषधाला बसायला जागा राहत नाही. नळी मात्र चालू राहते. तुम्ही दरवर्षी तेच मारलं, ज्या बुरशीत ती वीट बदललेली होती तीच उरली आणि तिचीच पिल्लावळ वाढली. लॅबमधल्या यीस्टमधेही हेच बघितलंय, आणि जंताच्या औषधाचंही शेळ्यामेंढ्यांत असंच झालंय.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुकानदार तर म्हनतोय डोस वाढवा." आणि पुढची तार वाजवली.

भद्द.

मग काय, टोपी घातली आणि दगडापर्यंत चालत मीच गेले.